व्हेनिसमध्ये हॉटेल घेताना आधी पूल मोजा
व्हेनिसच्या आत रस्त्यावरची टॅक्सी-बस काही चालत नाही, बॅग आपणच ओढायची आणि बहुतेक पुलांना पायऱ्या, त्यामुळे दोन रात्रींसाठी जाताना "स्टेशनपासून 800 मीटर" असलं काही वाचून बुकिंग करू नका.

1. मॅपवर सांता लुचिया स्टेशन ते हॉटेल चालत जायचा रस्ता काढा.
2. झूम करून वाटेत किती कालवे ओलांडायचेत ते बघा, एक-दोन ठीक, जास्त असतील तर वापोरेत्तो म्हणजे तिथल्या पाण्यातल्या बसचा स्टॉप हॉटेलच्याच बाजूला आहे ना ते बघा.
3. बजेट कमी असेल तर मेस्त्रे, म्हणजे पाण्यापलीकडे जमिनीवरचा व्हेनिसचा भाग, ट्रेनने साधारण 10 मिनिटं, पण स्टेशनला लागूनच घ्या. तरी जमत असेल तर आतच राहा, दिवसाची गर्दी गेल्यावर तिथल्या गल्ल्यांतून फिरायला खरंच फार छान वाटतं.

फक्त सिटी टॅक्स माणशी, दर रात्रीचा, बहुधा हॉटेलवर वेगळा घेतात, तो धरून भाव बघा.