जुन्या तबकडीवर परीक्षण लिहायचंय? आधी स्पीड बघा

जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या) रेकॉर्डवर लिहिताना लोक हमखास दोन शेरे मारतात, आवाज किनरा आहे आणि गाणं घाईत उरकलंय. वाचून खरंच वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा गाणाऱ्याचा काहीच दोष नसतो, स्पीड चुकलेला असतो. सुरुवातीच्या तबकड्या कमीजास्त स्पीडला कापल्या जायच्या, आणि साधारण साडेत्र्याहत्तरला कापलेली तबकडी ७८ ला फिरवली की काळी एकमधलं गाणं पांढरी दोनमध्ये, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या वरच्या पट्टीत ऐकू येतं, वर लय वाढते ती वेगळीच.

म्हणून आधी पेटी घेऊन बसा. रेकॉर्डमधल्या पेटीचा सा तुमच्या दोन पट्ट्यांच्या मध्येच लटकत असेल तर शंका घ्या, पण एवढ्यावरच निकाल नको, तेव्हाच्या सगळ्या पेट्या आजच्या सुरात नव्हत्या. रेकॉर्डच्या शेवटी गाणाऱ्याने स्वतःचं नाव सांगितलेलं असेल तर सोन्याहून पिवळं. १९०२ ला कलकत्त्यात गौहरजान गायल्या तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्यांना कळावं म्हणून शेवटी 'माय नेम इज गौहर जान' असं म्हणून ठेवलेलं असायचं. ते बोलणं लहान पोरीसारखं वाटलं तर गाणंही वर चढलेलंच आहे. दुरुस्त करताना स्पीड कमी करा, नुसता पिच (सुराची उंची) नको, तबकडीवर दोन्ही एकत्रच हलतात.

मायक्रोफोन आला १९२५ नंतर, त्याआधी भोंग्यासमोर गायचं, त्यामुळे तंबोरा जवळजवळ गायब आणि तबला कुठेतरी लांब, याला साथ कमजोर म्हणू नका. आणि फार साफ केलेली कॉपी घेऊच नका, खरखरीबरोबर आवाजातली जवारी, म्हणजे त्याची गुंजणारी झार पण जाते.

आता गाणं. दहा इंची तबकडीची एक बाजू म्हणजे तीन-साडेतीन मिनिटं, तिथे विस्तार शोधायचा नाही, काय निवडलं ते बघायचं. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली 'पिया बिन नाही आवत चैन' घ्या (ही मायक्रोफोनच्या काळातली), 'पिया' एवढासा शब्द पण पुन्हा आला की वेगळ्या सुरांतून येतो आणि दरवेळी काळजाला हात घालतो. घड्याळ समोर ठेवून मुखडा कधी आला, कुठली जागा परत घेतली, तान कुठे टाकली हे टिपत जा, परीक्षण त्या टिपणावरूनच लिहा.

कुठली कॉपी ऐकलीत, लेबल, नंबर आणि किती स्पीडला लावली हे पण लिहाच, म्हणजे दुसऱ्याला तसंच लावून ऐकता येईल.