पोपट ओळखायचा कसा? आधी मान बघा, मग खांदा

सोलापुरात संध्याकाळी किल्ल्याच्या बागेत जाऊन नुसतं वर बघत बसा. कीं-कीं करत हिरवा थवा डोक्यावरनं सुसाट जातो, आवाज आधी येतो अन् पक्षी नंतर दिसतो. लांब टोकदार शेपटी, सरळ वेगात उडणं आणि सतत कलकलाट, म्हणजे पोपटच.

पण कुठला पोपट ते कळायला बसलेला गाठावा लागतो आणि हिरव्या पानात हिरवा पोपट काय लवकर सापडत नाही, म्हणून आधी झाडाखाली बघा, अर्धवट कुरतडलेली फळं, शेंगा टपाटप पडत असतील तर तिथंच थांबा. आपला नेहमीचा पोपट म्हणजे लाल चोच, शेपटी धरून साधारण ४० सेंमी लांबी, अन् नराच्या गळ्याला काळी रेघ जी मागं जाऊन गुलाबी होते, तोच कंठ. मादीला कंठ नसतो. पण कंठ नाही म्हणून लगेच मादी म्हणू नका, पिल्लू नराला पूर्ण कंठ यायला दोन-तीन वर्षं लागतात. (आणि मादीला मैना म्हणतात ते चूक आहे, मैना पक्षीच वेगळा.)

आता खांदा. पंखावर लालसर डाग आणि अंगानं चांगलाच मोठा असेल तर तो करण पोपट. डोकं जांभळट-लाल, चोच पिवळसर, तर टुईया. आणि तारेवर बसून किडे पकडणारा तो वेडा राघू, त्याचा पोपटाशी काही संबंध नाही.

हुरड्याच्या दिवसात शेतात गेलात तर नक्की बघा, पोपट एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायात दाणे धरून खातो, दोन बोटं पुढं दोन मागं असल्यामुळं पकड अशी घट्ट की बघत राहावं. राखण करणाऱ्याला मात्र गोफण खाली ठेवता येत नाही, थवाच्या थवा उतरतो ना.

कुठंही जुळवून घेतो हा, लंडनमध्ये पण मोकळे थवे आहेत. म्हणून पिंजऱ्यात ठेवायचा असं नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, कुणी विकताना दिसलं तर वनविभागाला १९२६ वर फोन करा.

जानेवारी ते एप्रिल जुन्या झाडाच्या ढोलीवर, भिंतीतल्या भोकांवर नजर ठेवा. जरा लांब, गप्प उभं राहायचं. थोड्या वेळानं लाल चोच बाहेर येते, इकडंतिकडं बघते, परत आत.