पोहायला जाताना साखरपुड्याची अंगठी: काढायची का राहू द्यायची?

उन्हाळा लागला की कोल्हापुरात निम्मं गाव पाण्यात असतंय, कोण टँकवर, कोण पंचगंगेच्या घाटावर, कोण मामाच्या विहिरीवर, आणि नवीन लग्न झालेल्याला हटकून प्रश्न पडतोय की बोटातली अंगठी काढू का राहू दे. सरळ सांगतो, काढा. आणि ती टँकच्या काठावर नको, घरातनं निघायच्या आधीच काढून कपाटात टाका, कारण पाण्यात वाचलेली अंगठी चेंजिंग रूममधल्या खुंटीवर लटकवलेल्या पँटच्या खिशातनं आरामात गायब होते.

लोकं सगळ्यात जास्त क्लोरीनला घाबरतात. त्यात तथ्य आहे पण सरसकट नाही. गुजरीतनं, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातनं घेतलेली आपली साधी अंगठी २२ कॅरेटची, म्हणजे आत ९१६ चा शिक्का, ९१.६ टक्के सोनं आणि बाकी तांबं, चांदी असलं काहीतरी. टँकमधलं क्लोरीन सोन्याला फारसं काय करत नाही, ते त्यात मिसळलेल्या धातूंना खातंय, म्हणून एखाद्या रविवारी चुकून अंगठीसकट पोहून आलात तर काय आभाळ कोसळत नाही, घरी येऊन साध्या पाण्यानं धुवायची आणि विषय संपला. पण आजकाल हिऱ्याची अंगठी म्हणून जी १८ कॅरेटची घेतात त्यात सोनं ७५ टक्केच, त्यातनं व्हाइट गोल्ड असेल आणि निकेल मिसळलेलं असेल तर अजून नाजूक. रोज तासभर टँकमध्ये राहिली की सांधे आणि खडा धरून ठेवणारी ती बारीक नखं आतनं कमकुवत होतात, वरनं काय दिसत नाही, आणि एक दिवस खडाच जागेवर नसतो. मोती आणि पोवळ्याच्या ग्रहाच्या अंगठ्या तर टँकमध्ये न्यायच्याच नाहीत, त्यांची चकाकी मरते.

सोन्यापेक्षा मला बोटाची काळजी जास्त वाटते. गार पाण्यात बोट थोडं आकसतं, त्यात सनस्क्रीन नाहीतर साबणाचा हात असेल तर घरात घट्ट बसणारी अंगठी पाण्यात सुळकन निघते, कळत पण नाही. हे झालं हरवायचं. अडकायचं प्रकरण त्याहून वाईट. विहिरीत मुटका मारताना कुणी लोखंडी पायरीला हात घालतंय, टँकच्या शिडीवरनं कोण मागं उडी मारतंय, अंगठी जर त्या स्क्रूच्या डोक्यात नाहीतर पत्र्याच्या कडेत अडकली आणि अख्ख्या शरीराचं वजन त्या एका बोटावर आलं तर हातमोजा उतरावा तशी बोटाची कातडी उतरते. अमेरिकेतला टीव्हीवाला जिमी फॅलन २०१५ साली घरातच घसरला, अंगठी अडकली, आणि बोट वाचवायला सहा तासांचं ऑपरेशन लागलं. तिथं तर पाणी पण नव्हतं.

आता राधानगरी, फोंडा घाट करून मालवण-तारकर्लीला जोडीनं स्कूबा करायला जाणाऱ्यांसाठी. बोटीवर गेल्यावर अंगठी काढून कुठं ठेवणार, ड्रायव्हरच्या हातात? रूमवरच ठेवा, पेटीला कुलूप. डायव्ह संपल्यावर बोटीची शिडी हलत असते, ओल्या हातानं गच्च धरून चढायचं असतं, तिथंच अंगठी अडकते. शिवाय बॅराकुडासारखे मासे चमकणाऱ्या वस्तूला छोटा मासा समजून झेप घेऊ शकतात, म्हणून डायव्हिंगवाले चमकदार दागिने नकोच म्हणतात. गळ्यातला गोफ पण काढा. फोटोत बोटात काहीतरी पाहिजेच असा हट्ट असेल तर सिलिकॉनची रिंग घ्या, स्वस्त असते, ताण आला की ती तुटते, बोट नाही.

बायकांचं जरा वेगळं. मंगळसूत्र काढायला घरात कुरकुर होते, सासूबाई बोलतात, ते खरं आहे. देव्हाऱ्यात ठेवून जा, आल्यावर घाला, बहुतेक घरात एवढं चालतंय. अगदीच नसेल जमत तर बारीक काळ्या मण्यांची छोटी पोत घाला, लांब वाटीचं नको, पोहताना हातात गुंतते. कोल्हापुरी साज तर चुकूनही नको, त्याच्या मण्यांत आत लाख भरलेली असते. हुपरीची चांदीची पैंजणं आणि जोडवी क्लोरीननं काळवंडतात, आणि जोडवं टँकच्या तळाच्या जाळीत अडकू शकतं.

अंगठी निघतच नसेल तर जोर लावू नका. हात पाच मिनिटं वर धरा, गार पाण्यात बुडवा, मग साबण. तरी नाही निघाली तर दोरा घ्या, त्याचं एक टोक अंगठीखालनं तळहाताकडं ओढून धरा, उरलेला दोरा अंगठीला लागून नखाच्या दिशेनं बोटाच्या सांध्यापर्यंत घट्ट गुंडाळा, वेढ्यांत फट नको, आणि मग तळहाताकडचं टोक नखाच्या दिशेला ओढत दोरा सोडत जा, अंगठी एकेक वेढा पुढं सरकते. बोट निळं पडलं किंवा बधिर झालं तर हे सगळं सोडा आणि दवाखाना गाठा, तिथं कापून काढतात, सोनार नंतर जोडून देईल.

आणि पडलीच तर? सोनं पाण्यापेक्षा सतरा पटीहून जड, तरंगत लांब जात नाही, पडली तिथंच खाली. टँकमध्ये असाल तर बाकीच्यांना हळू बाहेर काढा, गॉगल लावून तळ बघा, उताराच्या बाजूची जाळी आधी, आणि तिथल्या माणसाला सांगा की फिल्टर धुवायच्या आधी पंपाची टोपली बघ. विहिरीत गेली असेल तर मे महिन्यात पाणी उतरलं की गाळ काढताना सापडायची आशा आहे, बुडी मारायची घाई करू नका. नदीत काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून जागा लक्षात ठेवा आणि घाटावरच्या जाणत्या पोहणाऱ्याला सांगा, पावसाळ्यात मात्र विसरा. अंगठीचं बिल आणि आतल्या सहा अक्षरी-आकडी एचयूआयडीचा, म्हणजे त्या एकाच दागिन्याच्या ओळख नंबरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो नंबर सक्तीचा आहे, म्हणजे कुणाला सापडली तर ती तुमचीच हे सांगता येईल.