अमेरिकन नागरिकत्वाची नवी चाचणी: गोव्यातून गेलेल्यांनी तयारी कशी करावी

आधी तारीख तपासा. एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज २० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर दाखल झाला असेल, तर तुम्हाला नागरिकशास्त्राची नवी, २०२५ची चाचणी द्यावी लागेल. त्याआधी दाखल झाला असेल तर जुनी, २००८ची. मुलाखत कधी होणार, यावर काहीही अवलंबून नाही. अर्ज मिळाल्याची तारीख पावतीवर छापलेली असते, ती पाहूनच अभ्यासाला बसा. म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या एखाद्या नातलगाने तीन वर्षांपूर्वी वापरलेल्या वह्या प्रेमाने पुढे येतात, पण त्या १०० प्रश्नांच्या असतात. आणखी एक गोंधळ आहे. डिसेंबर २०२० मध्येही १२८ प्रश्नांची एक चाचणी आली होती आणि २०२१ मध्ये मागे घेतली गेली. तिची पुस्तके अजून फिरतात. ती आजच्या चाचणीच्या जवळची असली तरी तंतोतंत तीच नव्हे. यादी यूएससीआयएसच्या (नागरिकत्वाचे अर्ज हाताळणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याच्या) संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या, ती फुकट आहे.

बदल असा. जुन्या चाचणीत १०० प्रश्नांतून १० विचारायचे आणि ६ बरोबर यावे लागायचे. आता १२८ प्रश्नांतून २०पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर लागतात. १२ बरोबर झाली की अधिकारी थांबतो, ९ चुकली तरीही थांबतो, कारण मग १२ गाठणे शक्यच नसते. प्रमाण पूर्वीही ६० टक्के होते, आताही तेवढेच आहे. तरी चाचणी जड झाली आहे, कारण आता एकापेक्षा जास्त उत्तरे मागणारे प्रश्न वाढले. पूर्वी मूळ १३ राज्यांपैकी तीन सांगितली की पुरे, आता पाच सांगावी लागतात. नागरिकत्वाच्या शपथेतले एक वचन पुरायचे, आता दोन. परीक्षा तोंडी असते, पर्याय दिलेले नसतात, त्यामुळे अंदाजाने खूण करून सुटता येत नाही.

आईवडिलांसाठी अभ्यासाआधी सवलती पाहा. अर्ज दाखल करतेवेळी वय ५० आणि ग्रीन कार्डावर २० वर्षे, किंवा वय ५५ आणि १५ वर्षे झाली असतील, तर इंग्रजीची परीक्षा माफ होते. नागरिकशास्त्र मात्र द्यावेच लागते, पण मराठीतून किंवा कोकणीतून, दुभाष्यामार्फत. दुभाषी आपणच न्यायचा असतो. तो त्रयस्थ असावा अशी अपेक्षा असते. मुलगा किंवा सून चालेल का, हे अधिकारी ठरवतो, म्हणून दुसरा माणूस तयार ठेवा. वय ६५ आणि ग्रीन कार्डावर २० वर्षे असतील तर अभ्यास फारच हलका होतो: यादीत तारांकित केलेले फक्त २० प्रश्न, त्यांतले १० विचारणार, ६ बरोबर हवेत, आणि भाषा आपली. स्मृतिभ्रंशासारख्या आजारामुळे अभ्यास शक्यच नसेल तर परीक्षेतून सूट मागणारा एन-६४८ अर्ज असतो. तो अमेरिकेत परवाना असलेल्या डॉक्टरने किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टनेच भरावा लागतो. बांबोळीच्या इस्पितळातले कागद त्याला आधार म्हणून दाखवता येतील, पण त्या अर्जाची जागा ते घेऊ शकत नाहीत.

आता मुख्य अभ्यास. १२८पैकी पहिले ७२ प्रश्न राज्यव्यवस्थेचे, पुढचे ४६ इतिहासाचे आणि शेवटचे १० प्रतीके व सणांचे. गोव्यात शाळा शिकलेल्यांची चूक बहुधा पहिल्या ७२मध्ये होते, कारण आपली व्यवस्था डोक्यात पक्की बसलेली असते आणि शब्द सारखे असले की उत्तर भारताचे निघते. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. तिथला गव्हर्नर लोक निवडून देतात आणि राज्याचा कारभार तोच चालवतो, म्हणजे काम आपल्या मुख्यमंत्र्याचे. राज्यसभेत गोव्याची एकच जागा आहे आणि तिच्यासाठी आमदार मतदान करतात. सिनेटमध्ये लहानमोठ्या प्रत्येक राज्याच्या दोन जागा आहेत, एकूण १००, मुदत सहा वर्षे, आणि निवडणूक थेट जनतेकडून. हाऊस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जचे मतदान करणारे सदस्य ४३५ आणि मुदत दोनच वर्षे. लोकसभेच्या पाच वर्षांची सवय असलेला माणूस इथे हमखास अडखळतो. आपल्याकडे राष्ट्रपती आणि पंतप्रधान वेगळे, तिथे राष्ट्राध्यक्ष एकटाच दोन्ही. आपले सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६५व्या वर्षी निवृत्त होतात, तिथले नऊ न्यायाधीश तहहयात असतात. घटनादुरुस्त्या आपल्याकडे शंभराहून अधिक झाल्या, तिथे २७, आणि पहिल्या दहांना मिळून बिल ऑफ राइट्स म्हणतात. हा भाग आधी करा आणि वहीत दोन रकाने पाडून भारत आणि अमेरिका समोरासमोर लिहा. नुसते पाठ करण्यापेक्षा हा फरक एकदा समजून घेतला की पुन्हा चुकत नाही.

इतिहासात नावे कमीत कमी ठेवा. पाच मूळ राज्यांसाठी न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया आणि जॉर्जिया एवढीच घ्या, बाकी आठांच्या मागे लागू नका. स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६चा आणि राज्यघटना १७८७ची, या दोन कागदांची अदलाबदल फार होते. जाहीरनामा जेफरसनने लिहिला. घटनेशी मॅडिसनचे नाव जोडा. सणांत मेमोरियल डे आणि व्हेटरन्स डे वेगळे ठेवा: पहिला सैन्यसेवेत प्राण दिलेल्यांसाठी, दुसरा सैन्यात सेवा केलेल्या सर्वांसाठी.

काही उत्तरे बदलती असतात: राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, हाऊसचा स्पीकर, आपल्या राज्याचा गव्हर्नर, सिनेटर, आपला प्रतिनिधी. मुलाखतीच्या दिवशी पदावर असलेल्या माणसाचे नाव द्यायचे. आदल्या आठवड्यात ही नावे पुन्हा तपासा.

रोज आठ प्रश्न घेतले तर १६ दिवसांत यादी पुरी होते. आधी अर्थ मराठीत समजून घ्या, मग उत्तर इंग्रजीतच, मोठ्याने. मनात वाचलेले तोंडी परीक्षेत कामी येत नाही. त्यानंतर घरातल्या कुणाला तरी यादी उलटसुलट करून २० प्रश्न विचारायला सांगा. सलग काही वेळा १६ किंवा जास्त बरोबर येईपर्यंत थांबू नका. घरी जेमतेम १२ येणाऱ्याची त्या खोलीत नऊच बरोबर येण्याची भीती असते. उत्तर लहान द्या. देशाचा सर्वोच्च कायदा कोणता, याला ‘द कॉन्स्टिट्यूशन’ एवढेच पुरेसे आहे. लांबण लावली की चूक शिरते. प्रश्न कळला नाही तर ‘प्लीज रिपीट द क्वेश्चन’ म्हणा, त्यात कमीपणा नाही. आपल्या उच्चाराचीही लाज नको, अर्थ पोचला की झाले.

इंग्रजीची परीक्षा या बदलात तशीच राहिली आहे. तीनपैकी एक वाक्य नीट वाचायचे आणि तीनपैकी एक नीट लिहायचे. लिहिताना किरकोळ स्पेलिंग चुकले तरी अर्थ टिकला तर चालते, पण शब्दाचे संक्षिप्त रूप लिहू नका. बोलण्याची परीक्षा तुमच्याच अर्जातल्या प्रश्नांवरून होते, त्यामुळे एन-४००मधला प्रत्येक शब्द स्वतःला समजलेला हवा. मुलाने भरून दिलेला अर्ज न वाचता गेलेले वडील इथेच गोंधळतात.

नापास झालात तर ६० ते ९० दिवसांत दुसरी संधी मिळते आणि फक्त राहिलेला भाग द्यावा लागतो. तीही गेली तर अर्ज नामंजूर होतो, मग नवा अर्ज आणि नवी फी.

चाचणीशी थेट संबंध नसलेली पण गोव्याच्या घरांत वारंवार अडणारी एक गोष्ट आहे. ग्रीन कार्डाच्या पाच वर्षांत निदान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत राहिलेले असावे लागते. एकाच खेपेला सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर सलग वास्तव्य तुटले असे गृहीत धरतात आणि तसे नाही हे तुम्हालाच सिद्ध करावे लागते. वर्षभर राहिलात तर ते तुटतेच. चवथीला पेडण्याला किंवा डिचोलीला येऊन शिगमो करूनच परतायचे म्हटले की सहा महिने सहज ओलांडतात. मध्ये एक फेरी करा, किंवा शिगमो पुढच्या वर्षी करा.

चाचणी उत्तीर्ण झाल्याने नागरिकत्व मिळत नाही, ते शपथेने मिळते. त्याच क्षणी भारतीय नागरिकत्व संपते. भारतीय पासपोर्ट नंतर वापरू नका, तो परत करून ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करा. ओसीआय धारकाला भारतात शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, वारशाने मिळू शकते. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही ती विकत घेता येत नाही, त्यामुळे फोंड्याकडे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) घ्यायचा विचार असेल, तर काय करायचे हे वकिलाला विचारून अर्ज भरण्यापूर्वीच ठरवा.