ओलांतायताम्बोची डोंगरावरची कोठारं पाहायला जाताय? या चुका टाळा

पेरूमधल्या ओलांतायताम्बो गावाच्या चौकात उभं राहिलं की दोन्ही बाजूंना डोंगर दिसतात. पश्चिमेच्या डोंगरावर दगडी बांध घातलेल्या भल्यामोठ्या पायऱ्या, माथ्यावर सूर्यमंदिराचे गुलाबी दगड आणि त्या पायऱ्या चढणारी माणसांची रांग. पूर्वेच्या डोंगरावर मात्र कोणी दिसत नाही. कड्याच्या पोटाला चिकटून बसल्यासारख्या, छप्पर गेलेल्या लांबट इमारती तेवढ्या दिसतात. त्या डोंगराचं नाव पिंकुय्युना. आणि त्या इमारती म्हणजे इंकांची कोठारं. केचुआ भाषेत त्यांना कोल्का म्हणतात.

पहिल्या खेपेला मी त्या खालूनच पाहिल्या. आमच्या सहलवाल्याने ओलांतायताम्बोला जेमतेम सव्वा तास ठेवला होता. समोरच्या डोंगरावर काय आहे असं विचारलं, तर "जुना तुरुंग" असं उत्तर मिळालं आणि आम्ही गाडीत बसलो. ते उत्तर साफ चुकीचं होतं, हे पुढे वाचनात आलं. काही वर्षांनी परत गेले तेव्हा गावात दोन रात्री राहिले आणि सकाळी सकाळी त्या वाटेला लागले. त्या चढाईत माझ्याही चुका झाल्या, इतरांच्याही पाहिल्या. कोणाला उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे.

गावाला नुसतं स्टेशन समजणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती घरी बसून कार्यक्रम ठरवतानाच होते. माचू पिक्चूच्या पायथ्याला, आग्वास कालिएन्तेसला, जाणारी गाडी ओलांतायताम्बोहून सुटते. त्यामुळे कुस्कोहून निघायचं, वाटेत पिसाकचे इंका अवशेष उरकायचे, इथला पश्चिमेच्या डोंगरावरचा सूर्यमंदिराचा किल्ला धावतपळत पाहायचा आणि गाडी गाठायची, असा बेत बहुतेक जण आखतात. त्यात पिंकुय्युना बसतच नाही. वर जायला अर्धा ते पाऊण तास, वर किमान एक तास आणि उतरायला जवळजवळ चढण्याइतकाच वेळ धरा. गाडीच्या वेळेकडे डोळे लावून ही चढाई करू नका. घाईत माणसं पडतात ती उतरताना.

गावात एक रात्र राहा. जड सामान मुक्कामाच्या जागी ठेवून मोकळ्या हाताने चढा.

"कळसूबाई केलंय, हे काय अवघड" असं म्हणणं

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हे आवर्जून सांगते, कारण मीही त्यातलीच. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे. ओलांतायताम्बोचा नुसता चौकच सुमारे २,८०० मीटरवर. म्हणजे पहिली पायरी चढण्याआधीच आपण महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराच्या हजार मीटर वर असतो. तिथे पायांत बळ किती आहे याला फार अर्थ उरत नाही. विरळ हवेची सवय व्हायला शरीराला दिवस लागतात, आणि तरुण, धडधाकट माणसालाही त्यातून सूट नसते.

दुसरी गफलत क्रमाची. कुस्को शहर आहे सुमारे ३,४०० मीटरवर. विमानाने तिथे उतरून दोन दिवस डोकं धरून बसण्यापेक्षा, विमानतळावरून थेट उरुबांबाच्या खोऱ्यात, म्हणजे ओलांतायताम्बोकडे उतरावं. इथे दोन-तीन दिवस काढावेत आणि कुस्को शेवटी पाहावं. पहिल्या दिवशी गावात हळूहळू फिरा, पाणी पीत राहा, रात्री हलकं जेवा. पिंकुय्युना दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी.

चढताना धाप लागणारच. दर वीस-पंचवीस पावलांवर थांबलात तरी काही बिघडत नाही. पण डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, पाय लटपटले, तर "आता आलोच की" म्हणत पुढे रेटू नका. बसा. बरं वाटलं नाही तर खाली उतरा, तोच त्यावरचा खरा उपाय. उंचीसाठीच्या गोळ्या निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ती त्यांना न विसरता सांगा. तिथे सगळीकडे कोकाच्या पानांचा चहा मिळतो. तो तिथे रोजचा आहे, खुशाल प्या. पण ती पानं किंवा चहाच्या पिशव्या आठवण म्हणून बॅगेत टाकू नका. भारतात कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, अमेरिकेतही बंदी आहे. चहाच्या पुडीपायी विमानतळावर अडकायला नको.

तिकिटाचा घोळ आणि न सापडणारी वाट

समोरच्या मोठ्या किल्ल्यासाठी बोलेतो तुरिस्तिको हे एकत्रित तिकीट लागतं. त्यातलं खोऱ्यापुरतं तिकीट पिसाक, चिंचेरो, मोराय आणि ओलांतायताम्बो अशा चार ठिकाणी, दोन दिवस चालतं. पूर्ण तिकीट दहा दिवसांचं. पिंकुय्युनाला मात्र तिकीट नाही. मोठ्या तिकिटाची मुदत संपली म्हणून निराश होऊन परत फिरणारं एक जोडपं मला चौकात भेटलं होतं. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

वाट चौकातून दिसत नाही. चौकाच्या मागे जुनं गाव आहे, कोस्को आय्यु. इंकांनी आखलेल्या सरळ गल्ल्या, दोन्ही बाजूंना त्यांच्याच दगडी भिंती, गल्लीच्या कडेने खळखळणारा पाण्याचा पाट, आणि त्या भिंतींच्या आत आजही नांदणारी घरं. त्यातली लारेस नावाची गल्ली विचारा. त्या गल्लीत घरांच्या मध्येच दगडी पायऱ्या एकदम उभ्या वर जातात. तीच वाट. मी दोनदा त्यावरून पुढे निघून गेले, कारण मला वाटलं त्या कोणाच्या तरी परसात जातात. शेवटी दारात उभ्या असलेल्या एका आजींना नुसतं "पिंकुय्युना?" विचारलं, त्यांनी हनुवटीने वरची दिशा दाखवली.

वर गेल्यावर वाटेला फाटे फुटतात. कोठारं नजरेसमोर ठेवूनच चाला. ज्या वाटेवर पायऱ्यांचे दगड दिसत नाहीत, नुसती घसरडी माती आहे, ती सोडून मागे या. शॉर्टकट मारायला ही जागा नाही; काही ठिकाणी एका बाजूला सरळ उतार आहे आणि कठडा नाही. लहान मुलांचा हात सुटू देऊ नका. उंचीची भीती वाटणाऱ्यांनी आधीच ठरवावं की भीती वाटली तिथून परत फिरायचं. त्यात काही कमीपणा नाही.

दुपारी जाणं

मी पहिल्या दिवशी हीच चूक केली. जेवून, दुपारी तीनला निघाले. एकतर खालचं फाटक संध्याकाळ व्हायच्या आत बंद होतं. त्यात दुपारनंतर खोऱ्यात जोराचा वारा सुटतो. अर्ध्या वाटेवर टोपी उडाली, डोळ्यांत धूळ गेली, आणि मी मुकाट्याने उतरले.

सकाळी जा. पिंकुय्युना गावाच्या पूर्वेला असल्यामुळे सकाळी सूर्य त्या डोंगराच्या मागे असतो. चढाई सावलीत होते आणि ऊन समोरच्या किल्ल्यावर पडतं. दुपारी नेमकं उलटं, सूर्य तुमच्या तोंडावर आणि समोरचा किल्ला काळपट. सकाळी गारठा असतो, जून-जुलैत तर चांगलाच; एक स्वेटर आणि टोपी हवीच. एकदा ऊन डोंगरावर आलं की वर सावली नाही आणि या उंचीवर कातडी फार लवकर भाजते, हेही ध्यानात ठेवा.

आपल्या सुट्ट्यांचा हिशोब करायचा तर मे महिना चांगला. मे ते सप्टेंबर तिथे कोरडा हंगाम असतो. दिवाळीच्या सुट्टीत जाल तर पाऊस सुरू होत असतो आणि तो मार्चपर्यंत चालतो. पाऊस पडून गेलेल्या दिवशी त्या वाटेवर पाऊल ठेवू नका. गुळगुळीत दगडावर ओली माती बसली की चांगले बूटही धरत नाहीत. कोरड्यातही उतरताना बारीक खडी पायाखालून सरकते. अशा जागी आडवे पाय टाकत, गुडघे किंचित वाकवून उतरा. चपला, सँडल घालून मुळीच जाऊ नका.

वर पोचून इमारतीकडेच पाठ करणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते. माणसं धापा टाकत वर येतात, कोठाराच्या भिंतीला टेकतात, समोरच्या किल्ल्याचे फोटो काढतात आणि उतरतात. ज्या इमारतीला टेकले तिच्याकडे एकदाही पाहत नाहीत.

जरा थांबून पाहा. या भिंती किल्ल्यावरच्या घोटीव, सांधा न दिसणाऱ्या दगडांच्या नाहीत. डोंगरावरचेच ओबडधोबड दगड मातीत बसवलेले आहेत. मी एका भिंतीजवळ वाकून पाहिलं तर दगडांच्या मधल्या मातीत गवताच्या बारीक काड्या दिसत होत्या. हे हलकं काम म्हणून नाक मुरडू नका. देवळाला जे हवं ते देवळाला, धान्याला जे हवं ते धान्याला.

आता खिडक्या पाहा. इमारती लांब आणि अरुंद आहेत, आणि खिडक्या दोन बाजूंना आहेत. डोंगराकडच्या, वरच्या बाजूच्या खिडकीतून धान्य आत ओतायचं. उताराकडच्या, खालच्या बाजूच्या खिडकीतून काढायचं. उताराचाच उपयोग करून घेतलेला आहे. आधी भरलेला माल आधी बाहेर येतो, जुनं धान्य तळाशी कुजत पडत नाही. आपल्याकडे धान्य टिकवायला जमिनीत पेव खणायचे. इंकांनी ते उचलून कड्यावर नेलं, कारण इथे हवा गार आणि वारा कायम वाहता. शिवाय इमारतींत हवा खेळती राहील अशी सोयही केलेली होती. ज्या वाऱ्याने माझी टोपी उडवली, त्याच्याच भरवशावर ही कोठारं इथे बांधलेली आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी एका खिडकीपाशी उभी राहिले, तर बाहेर पान हलत नव्हतं आणि त्या खिडकीतून मात्र चेहऱ्यावर गार झुळूक येत होती. वर गवताचं जाड छप्पर असेल, आत मका असेल, असं कल्पनेने पाहिलं की इमारत पुन्हा कामाला लागल्यासारखी वाटते.

इंकांच्या राज्यात अशी कोठारं रस्त्यांच्या कडेने आणि मोठ्या ठाण्यांजवळ सगळीकडे होती. मका, थंडीत गोठवून वाळवलेला बटाटा म्हणजे चुन्यो, वाळवलेलं मांस, कापड, शस्त्रं, सगळं त्यांत साठवलेलं असे, आणि हिशोब किपू म्हणजे गाठी मारलेल्या दोऱ्यांवर ठेवला जाई. त्यांच्याकडे बाजार आणि नाणी नव्हती. सैन्य असो, रस्ता बांधणारे मजूर असोत की दुष्काळात सापडलेलं गाव, पोट भरायचं ते या कोठारांतून. म्हणूनच "तुरुंग" हे उत्तर मला इतकं खटकलं. ज्या इमारतीने लोक जगवले तिला कोंडवाडा म्हणायचं?

हे पाहून झाल्यावर मग खुशाल समोर बघा, कारण तिथून दिसतं तसं किल्ल्यावरूनही दिसत नाही. सूर्यमंदिराचे सहा प्रचंड दगड एका रांगेत उभे दिसतात. ते उरुबांबा नदीच्या पलीकडच्या काचिकाता खाणीतून आणलेले. म्हणजे दरीतून खाली, नदी ओलांडून, पुन्हा चढावर. काही दगड वाटेतच राहिले, त्यांना तिथले लोक दमलेले दगड म्हणतात. खाली नदीकाठची सपाटी दिसते. स्पॅनिशांशी लढताना इंकांचा राजा मान्को इंका याच गावात ठाण मांडून होता. स्पॅनिश सरदार एर्नान्दो पिझारो चालून आला तेव्हा मान्कोने याच मैदानात पाणी सोडलं, घोडे चिखलात रुतले आणि स्पॅनिशांना माघार घ्यावी लागली. विजय मोठा होता, पण जागा टिकणार नाही हे ओळखून १५३७ मध्ये मान्को विल्काबाम्बाच्या जंगलाकडे निघून गेला.

फोटोसाठी भिंतीवर चढणं

चढू नका, बसू नका, खिडकीत पाय सोडून फोटो काढू नका. मातीत बसवलेला दगड एकदा हलला की पावसाचं पाणी आत शिरतं आणि पुढचं काम तेच करतं. तिथे प्रत्येक कोपऱ्यावर पहारेकरी नाही, म्हणून जबाबदारी आपल्यावर जास्त आहे. पाण्याची रिकामी बाटली, संत्र्याची सालंसुद्धा पिशवीत घालून खाली आणा.

आणि फाटकच बंद मिळालं तर

किंवा पाऊस पडून गेला असेल, गुडघा साथ देत नसेल, तर हट्ट करू नका. मोठ्या किल्ल्याचं तिकीट असेल तर दुपारी उशिरा तिथल्या वरच्या टप्प्यावर जा आणि पूर्वेकडे तोंड करून बसा. दुर्बीण असेल तर फारच छान. तिकीट नसेल तर गावातल्या ‘पाताकांचा’ नावाच्या ओढ्यावरच्या पुलाजवळूनही चालेल. त्या वेळी किल्ल्याकडे येणारे लोक परतीला लागलेले असतात, आणि दिवसभर सावलीत किंवा भगभगीत उजेडात हरवलेल्या त्या कोठारांवर तिरपं ऊन येतं. भिंती मातकट पिवळ्या दिसायला लागतात. काळ्या चौकोनी खिडक्या इतक्या स्पष्ट उमटतात की खालून एकेक मोजता येते.