चंद्र आज कोणत्या मंझिलीत? आकाश पाहून ओळखण्याची रीत

कुराणातल्या सूरह यासीनच्या 39 व्या आयतीत चंद्राच्या मंझिली, म्हणजे त्याच्या आकाशातल्या वाटेवरचे मुक्काम, ठरवून दिल्याचा उल्लेख आहे. त्या पार करत तो शेवटी खजुराच्या वाळलेल्या, वाकलेल्या देठासारखा होतो. अरबांनी अशा 28 मंझिली मोजल्या. प्रत्येकीचा विस्तार सुमारे 12 अंश 51 कला. बहुतेक लोक मंझील तावीजाच्या पुस्तकातल्या कोष्टकात शोधतात, पण ती आकाशात शोधायची गोष्ट आहे. डोळ्यांनी तपासता येते तेव्हाच कोष्टक कुठे चुकते ते कळते.

आधी सहा ठळक खुणा पक्क्या करा. तिसरी मंझील सुरैया म्हणजे आपल्या कृत्तिका. चौथी दबरान, रोहिणीचा तांबूस तारा. सातवी झिरा, पुनर्वसूची जोडी. दहावी जबहा, मघा. चौदावी सिमाक, चित्रा. अठरावी कल्ब, ज्येष्ठेचा लालसर तारा. नक्षत्रे येत असतील तर निम्मे काम इथेच झाले. मात्र दोन्ही याद्या एकमेकींवर तंतोतंत बसवू नका. सहावी हना मिथुनेच्या पायाशी आहे, आर्द्रेपाशी नाही. तेरावी अव्वा कन्या राशीत आहे, हस्ताच्या ताऱ्यांत नाही. पंधरावी गफ्र म्हणजे कन्येतलेच मंद तारे, तेजस्वी स्वाती नव्हे. मध्ययुगीन विद्वान अल-बिरूनी यांनी भारतावरच्या ग्रंथात (सुमारे 1030) दोन्हीकडच्या यादींची तुलना केली आहे, म्हणजे हा घोळ जुनाच आहे.

मोजायला हात पुरतो. हात पूर्ण ताणून धरलेली मूठ सुमारे 10 अंश झाकते. मूठ आणि दोन बोटे म्हणजे साधारण एक मंझील. चंद्राच्या जवळची ठळक खूण शोधा आणि तिथून चंद्रापर्यंत किती मुठी होतात ते मोजा. चंद्र खुणेच्या पूर्वेला असेल तर मंझिलीचा क्रमांक वाढवा, पश्चिमेला असेल तर कमी करा. रात्रभर सगळे आकाश पश्चिमेकडे सरकते, त्याच्याशी याची गल्लत होऊ देऊ नका. ताऱ्यांच्या तुलनेत चंद्र पूर्वेकडेच जातो, तासाला साधारण स्वतःच्या व्यासाइतका, दिवसाला सरासरी 13 अंश 10 कला. ही गती सारखी नसते. पृथ्वीजवळ असताना तो दिवसाला 15 अंशांपर्यंत जातो, दूर असताना 12 च्या आसपास. म्हणून कधी तो लागोपाठ दोन रात्री एकाच मंझिलीत दिसतो, तर कधी एखादी मंझील ओलांडून गेल्यासारखा वाटतो. त्यात तुमचे मोजमाप चुकलेले नसते.

ढग असतील तेव्हा हिशेब कामी येतो. सूर्य साधारण 20 मे रोजी सुरैयापाशी असतो आणि पुढे दर 13 दिवसांनी एक मंझील सरकतो. आजची सूर्याची मंझील काढा आणि तिच्यात हिजरी, म्हणजे इस्लामी चांद्र महिन्याची, तारीख मिळवा. बेरीज 28 च्या वर गेली तर 28 वजा करा; पौर्णिमेनंतर आणखी एक वजा करा, कारण चंद्र सूर्यापासून दिवसाला पूर्ण एक मंझील दूर जात नाही. उदाहरणार्थ, ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य सिमाकपाशी, म्हणजे 14 वर असतो. हिजरी 8 च्या संध्याकाळी 14 अधिक 8 म्हणजे 22, साद झाबिह. इथे हमखास होणारी चूक एकच: इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. 8 तारखेची संध्याकाळ ती, जिच्यापासून 8 तारीख सुरू होते. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ 9 ची. एवढ्यात पूर्ण एक मंझील चुकते. चंद्रदर्शनावरून दोन ठिकाणच्या तारखा एका दिवसाने वेगळ्या असतील, तरी तेवढाच फरक पडतो.

हिशेब बरोबर आहे का हे पाहायला अरबस्तानातल्या भटक्या मेंढपाळांची रीत सगळ्यांत सुंदर आहे. ते चंद्र आणि सुरैया कोणत्या तारखेला शेजारी येतात ते पाहत. साधारण जानेवारीत ही भेट नवव्या तारखेच्या आसपास होते, फेब्रुवारीत सातव्या, मार्चमध्ये पाचव्या, एप्रिलमध्ये तिसऱ्या. चंद्राला ताऱ्यांची फेरी करायला 27.3 दिवस लागतात आणि महिना असतो 29.5 दिवसांचा, म्हणून भेट दर महिन्याला सुमारे दोन दिवस अलीकडे येते. चांद्र महिने ऋतूंतून फिरत राहतात, पण या भेटीच्या तारखेवरून ऋतू ओळखता येतो. त्यानंतर सुरैया सुमारे 40 दिवस सूर्याच्या उजेडात लपते. त्या काळात दुसरी खूण घ्या.

दोन अडचणी नेहमी येतात. पौर्णिमेच्या आसपास मंद तारे दिसत नाहीत. तेव्हा दूरच्या ठळक ताऱ्यापासून मुठी मोजा. दुसरे असे की चंद्र सूर्यमार्गापासून सुमारे 5 अंशच वर-खाली जातो, तर काही मंझिलींचे तारे त्या वाटेपासून बरेच लांब आहेत. 28 वी बत्न-अल-हूत हिचा तारा देवयानीत आहे. चंद्र तिथे कधीच पोहोचत नाही. तो त्या ताऱ्याच्या रेषेत आला की मंझील धरायची.

आता लोकसमजुती. ‘कमर दर अकरब’, म्हणजे चंद्र वृश्चिकेत, हे महिन्यातले सुमारे सव्वादोन दिवस निकाह आणि प्रवासाला टाळले जातात. सायन गणितातली, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली, वृश्चिक रास संपल्यावर चंद्र कल्बच्या खऱ्या ताऱ्यापाशी पोहोचायला आणखी पाऊण दिवस लागतो, म्हणजे टाळायचे दिवससुद्धा आकाशाशी जुळत नाहीत. तावीजांच्या परंपरेत प्रत्येक मंझिलीला एक अक्षर आणि एक मुवक्किल फरिश्ता, म्हणजे तिच्यावर नेमलेला देवदूत, जोडतात. एक यादी अबजद, म्हणजे अरबी अक्षरांच्या जुन्या क्रमाने जाते, सूफी विचारवंत इब्न अरबींची उच्चारस्थानाने. दोन याद्या मिसळल्या की काहीच जुळत नाही.

उलमांनी, म्हणजे इस्लामी धर्मपंडितांनी, यात स्पष्ट रेघ ओढली आहे आणि ती पाळावी असे आम्ही ठामपणे सांगतो. ताऱ्यांवरून दिशा, किब्ला (नमाजाची दिशा), वेळ काढणे मान्य. त्यांच्यावरून नशीब सांगणे नाही. बुखारीच्या हदीस-संग्रहात (पैगंबरांच्या वचनांच्या) सुरुवातीच्या काळातले विद्वान कतादा यांचे म्हणणे आहे: तारे तीन कामांसाठी आहेत, आकाशाची शोभा, सैतानांवर मारा आणि वाट दाखवणे. सूरह जिन्नमध्ये जिन्नच सांगतात की आम्ही ऐकायला आकाशात बसत होतो, आता तिथे कडक पहारा आणि अग्निबाण आहेत. हदीसनुसार चोरून ऐकलेल्या एका खऱ्या शब्दात शंभर खोट्या गोष्टी मिसळून भविष्य सांगितले जाते. अमुक ताऱ्यामुळे पाऊस पडला असे म्हणण्यालाही हुदैबियाच्या हदीसमध्ये मनाई आहे.

हाती आलेले कोष्टक कोणत्या जातीचे आहे, हे एका संध्याकाळी कळते. चंद्र कृत्तिकांच्या अगदी शेजारी असताना ते उघडा. ‘सुरैया’ लिहिले असेल तर ते खऱ्या ताऱ्यांवर आहे. ‘हका’, म्हणजे पाचवी मंझील, लिहिले असेल तर ते वसंतसंपातापासून (मार्चमध्ये दिवस-रात्र समान असताना सूर्य जिथे असतो त्या बिंदूपासून) समान भाग पाडून केलेले आहे. संपात सुमारे 72 वर्षांत एक अंश सरकतो, म्हणून आज ते दोन मंझिली पुढचे नाव देते.