रेशीम म्हणजे चादर नव्हे! या चुका टाळा

सोलापुरातल्या घरांत कपडे धुण्याचा हात चादरीवर बसतो. गरम पाणी, मूठभर पावडर, धोपटायचं, दोघांनी धरून पिळायचं आणि गच्चीवरच्या उन्हात टाकायचं. चादर हे सगळं सोसते. रेशीम सोसत नाही. आमच्या आईची इरकल साडी अशीच गेली. अंग सुती, म्हणून ती रोजच्या धुण्यात पडायची. टोपपदर रेशमी आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आधी पदराची चमक गेली, मग तो घडीवर विरला.

कापूस झाडाचा. रेशीम मात्र अळीच्या तोंडून निघालेलं प्रथिन, म्हणजे आपल्या केसांच्या जातीचं. जे केसांना लावायला धजणार नाही, ते रेशमालाही लावू नका. धुण्याची पावडर अल्कलीयुक्त असते, आणि ‘हट्टी डाग घालवणाऱ्या’ पावडरींत बहुधा प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. दुधाचा डाग कुठला आणि साडी कुठली, हे त्यांना कळत नाही. क्लोरीनचं ब्लीच तर रेशीम चक्क विरघळवतं. यावर कुणी म्हणेल, विणकर सूत साबणाच्या पाण्यात उकळतातच की. उकळतात, पण रंगवण्याआधी एकदाच आणि बेतानं. धाग्यावरचा सेरिसिन नावाचा डिंक काढण्यापुरतं. वजनाचा साधारण पाव भाग तो डिंकच असतो.

नळाला रोज पाणी नाही, म्हणून बोअरचं वापरलं तर साबणाचा पांढरट थर साडीवर बसतो. मग ‘साडी मेली’ म्हणून आपण हळहळतो. साध्या, बिनजरीच्या रेशमाला रिठ्याचं किंवा सौम्य शाम्पूचं गार पाणी पुरे. शेवटच्या बादलीत चमचाभर पांढरं व्हिनेगर टाकलं की चमक बरीचशी परत येते. साडीला जरीकाम असेल तर मात्र घरी प्रयोग नको, ड्रायक्लीनला द्या. काठपदर वेगळ्या रंगाचा असेल तर आधी आतल्या कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून बघा, रंग उतरतो का ते.

ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर असतं, म्हणून पिळणं बंद. टॉवेलच्या गावात राहतो आपण; साडी टॉवेलात गुंडाळून दाबा, पाणी निघतं. वाळवायची सावलीत. इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात रेशीम पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं.

लग्नातली हळद हा वेगळाच घोळ. साबण लावला की पिवळा डाग कुंकवासारखा लाल होतो आणि माणूस घाबरून आणखी घासतो. हळद अल्कलीत लाल होते, एवढंच. घासू नका, तसाच ड्रायक्लीनरकडे न्या आणि डाग हळदीचा आहे हे सांगा. शेंगा चटणीचं तेल सांडलं तर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवा, सकाळी झटका.

इस्त्री उलट्या बाजूनं, वर सुती कापड ठेवून. पाणी शिंपडू नका, थेंबांचे गोल उमटतात. सेंट आणि डिओ साडी नेसायच्या आधी मारा, नाहीतर जरीकाम काळं पडतं.

कपाटात ठेवताना प्लास्टिकची पिशवी काढून टाका. आत ओल कोंडते. जुन्या धोतरात गुंडाळा. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका. खरकटं किंवा घाम राहिलेल्या साडीला कसर आधी लागते, म्हणून नेसलेली साडी तशीच घडी घालून ठेवणं हीच मोठी चूक. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला.

आणि मुळात ते रेशीम आहे का? ‘आर्ट सिल्क’ म्हणजे कलाकुसरीचं रेशीम नव्हे, कृत्रिम रेशीम! नवी पेठेत ‘सेमी’, म्हणजे अस्सल रेशीम नव्हे, म्हणून विकतात त्यात लबाडी नाही, फक्त आपण ऐकलं पाहिजे. अंगठीतून साडी काढून दाखवतात त्याला भुलू नका, पातळ पॉलिस्टरही सुळकन निघतं. पदराच्या गोंड्यातला एक धागा जाळा. केस जळल्याचा वास आणि बोटानं चुरगळणारी काळी राख असेल तर रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. कागदासारखा भुरकन जळला तर रेयॉन. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकारानं 2004 साली आलेलं ‘सिल्क मार्क’ लेबल असेल तर जाळाजाळीची गरज नाही.

घडीवर साडी विरायला लागली असेल तर रफू फार टिकत नाही, कारण शेजारचे धागेही तितकेच मेलेले असतात. तिला नेसायचा हट्ट सोडा. धड राहिलेला काठ उसवून ब्लाउजच्या बाह्यांना लावा. आईच्या टोपपदराचं आम्ही तेच केलं.